निळ्या रिबिनीचा डबा

नॅशव्हिल, टेनेसी
९ मार्च १९६४

प्रिय ओर्फा मावशी,

आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. हो, कॉलेज सोडलं. नाही, परत जाणार नाही. आईला तूच सांग. ती तुझं ऐकते. माझं ऐकायचं तिनं मी खुराड्याला आग लावली त्या वर्षापासून सोडलंय.

झालं असं, की इंग्रजीच्या मास्तरांनी माझी कविता वर्गात वाचली. वाचली कसली, मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तशी दाखवली. ‘रॅटलिफ, यमकं लहान मुलांसाठी असतात.’ मी म्हटलं, ‘बरोबर आहे सर, टक्कल जसं म्हाताऱ्यांसाठी.’ वर्ग हसला, मास्तर लाल झाले, मी दार आपटलं. दार आपटल्यावर परत आत कसं जायचं? म्हणून गिटार उचलली आणि नॅशव्हिलची बस धरली.

हे सांगण्यापुरतं कारण. खरं कारण तुला माहीत आहे. खरं कारण झेल्मा टॅकेट.

ऑक्टोबरात शाळेच्या छपरासाठी डब्यांचा लिलाव झाला, तेव्हा तू हॉलमध्ये होतीस. पण तू शेगडीजवळ बसून तुझ्या केसांच्या पार्लरच्या गिऱ्हाइकांशी गप्पा ठोकत होतीस, तेव्हा तुला अर्धंच दिसलं असणार. सगळं सांगतो. मुलींनी जेवणाचे डबे कागदानं, रिबिनींनी सजवून आणायचे. वर नाव नाही, नावाची चिठ्ठी आत. ज्याची बोली मोठी त्यानं डबा उघडायचा आणि त्या मुलीशेजारी बसून जेवायचं. आता मुलीला ज्याच्याबरोबर जेवायचं असतं त्याला ती आधी हळूच रिबिनीचा रंग सांगून ठेवते. झेल्मानं मला सांगितला नव्हता. तू सांगितलास. निळा. कारण रिबीन तिनं तुझ्याच पार्लरमधून विकत नेली होती.

आणि तो बर्ल स्टँपर! बापाची लाकडाची गिरणी आहे म्हणून छाती काढून बोली चढवत होता. त्याला रंग कुणी सांगितला? झेल्मानंच सांगितला असणार, हे तेव्हाच माझ्या डोक्यात आलं आणि डोकं फिरलं. खिशातलं होतं नव्हतं ते लावलं, वर आजोबांचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. डबा माझा झाला. तळलेली कोंबडी, बिस्किटं आणि वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक. मावशी, काय सांगू तो केक! तसा केक मी जन्मात खाल्ला नव्हता. मध! तिनं विचारलं, ‘कसा झालाय?’ मी म्हटलं, ‘मधाहून गोड.’ तिनं पुन्हा विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, ‘शपथ.’ तिनं तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, स्वर्गात हाच मिळत असणार. तशी ती उठली, म्हणाली, ‘तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही, वेंडेल,’ आणि सरळ निघून गेली. मी तोंडात घास घेऊन बघत बसलो.

आता सांग, यात माझं काय चुकलं? स्तुती करणं हा केंटकीत गुन्हा आहे का?

असो. त्याच्यावर गाणं लिहितोय. इथं मिसेस प्रूइटच्या खानावळीत राहतो, आणि या घरात खिळ्यांपेक्षा गाणी लिहिणारे जास्त आहेत. वरच्या खोलीतला हॉइट म्हातारा म्हणजे ‘परत ये, दार उघडं आहे’ हे गाणं लिहिणारा. हो, तेच! मी विचारलं, ‘काका, कोण होती ती?’ म्हणाला, ‘बेसी. शिकारी कुत्री. कोल्ह्यामागं गेली ती आलीच नाही.’ सगळी दक्षिण ज्या गाण्यावर रडली ते कुत्रीचं आहे, मावशी. पण माझं गाणं तसं नसणार. माझं अक्षर न् अक्षर खरं असेल.

झेल्मा कशी आहे? माझं नाव काढते का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

तुझा
वेंडेल


लॉरेल फोर्क, केंटकी
१७ मार्च १९६४

वेंडेल बाळा,

शिव्या घातल्या. सावकाश घातल्या, दोन बायकांच्या केसांना क्लिपा लावता लावता. तुझ्या आईला सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, ‘निदान गरम कपडे नेलेत का?’ म्हणजे माफ केलंय. पण मास्तरांना टकल्या म्हणणं मला आवडलं नाही. तुझे काका जायच्या आधी पार टकले झाले होते, आणि त्यांच्याइतका देखणा माणूस या डोंगरात नव्हता.

त्यांच्यावरून आठवलं. ते गेले तेव्हा सहा महिने मी ‘परत ये, दार उघडं आहे’ लावून रडले. कुत्री? त्या हॉइटला माझ्याकडून सांग, इकडे कधी आला तर फुकट हजामत करीन, कानासकट.

झेल्मा ठीक आहे. बापाच्या गॅरेजमध्ये दिवसभर ट्रकखाली पडलेली असते. दर शनिवारी माझ्याकडे केसातलं ग्रीस काढायला येते. तुझं नाव काढत नाही. बर्लचंही काढत नाही, पण बर्ल मात्र दर आठवड्याला धडधाकट ट्रक दुरुस्तीला आणतो. तिच्या बापाला गिरणीच्या सगळ्या ट्रकांचं काम हवंय, त्यामुळं बर्ल आला की त्याच्यासाठी खुर्ची पुसली जाते.

एक विचारू? तो केक खरंच मधासारखा होता? मी त्या टेबलावरून जाताना तुझा चेहरा पाहिला होता. मध खाणाऱ्याचा तसा चेहरा मी पाहिलेला नाही.

आणि जरा मोठ्या अक्षरात लिही. पत्र वाचताना अडखळायला होतं. शिव्या कमी घाल, आणि झेल्माबद्दल जे काय लिहायचं ते सविस्तर लिही. अर्धवट लिहून मला तंगवू नकोस.

तुझी
ओर्फा मावशी


नॅशव्हिल
२० एप्रिल १९६४

प्रिय मावशी,

हे घे, मोठं अक्षर. भिंतीवर लिहिल्यासारखं.

गाणं विकलं गेलं! आणि मी रस्त्यावर उभा राहून ओरडलोसुद्धा, पण आनंदानं नव्हे.

टॉलिव्हर गेन्स म्हणून इथले एक प्रकाशक आहेत. पोट पिंपाएवढं, आवाज चिमणीचा, आणि कोणतं गाणं चालेल हे त्यांना वासावरून कळतं म्हणतात. त्यांच्यासमोर मी गायलो:

ग्रीसनं काळे हात तिचे अन् निळी रिबीन डब्याला,
झेल्मा, तुझ्या केकपुढं मध काय चाटायला?

साहेबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, हेलावले. डोळे न उघडताच म्हणाले, ‘ग्रीस? पोरा, ही मुलगी आहे की ट्रक?’

मी म्हटलं, ‘ट्रक दुरुस्त करते. तिच्यासारखं इंजिन जिल्ह्यात कुणी खोलत नाही.’

‘खोलू दे. पण ग्रीस विकलं जात नाही. पीठ विकलं जातं. पिठानं गोरे हात लिही. आणि झेल्मा काढ. झेल्मा माझ्या पहिल्या सासूचं नाव आहे, ते रेडिओवर ऐकायला मी एवढा धंदा उभारला नाही. लाडके लिही.’

मी म्हटलं, मग ती झेल्मा कुठं राहिली? तर म्हणतात, ‘गाणं तुझ्या झेल्माचं राहून चालत नाही. गावोगावच्या प्रत्येक पोराला ते आपल्या पोरीचं वाटलं पाहिजे. तुझ्या पोरीचे हात काळे, बाकीच्यांच्या पोरींचे पांढरे. मोजून बघ.’

मी गिटार उचलून निघालो. दारापर्यंत गेलो. दार आपटायला हात घातला, आणि मावशी, ते दार काचेचं होतं. काचेचं दार आपटायच्या आधी माणूस क्षणभर थांबतो. त्या क्षणात साहेब म्हणाले, ‘रॉस्को व्हेन गाईल.’

रॉस्को व्हेन! ज्याचा नुसता खोकला रेडिओवर लागला तरी बायका आवाज वाढवतात! मी परत येऊन बसलो. पीठ लिहिलं. लाडके लिहिलं. झेल्माला कळेलच ना? निळी रिबीन आहे, डबा आहे, सगळ्या हॉलनं बघितलेलं आहे. हात कोणत्या रंगाचे हे कोण बघतो?

केकबद्दल तू पुन्हा विचारू नकोस. केक मधासारखाच होता. झेल्माच्या हातचं काही वाईट असूच शकत नाही.

तुझा
वेंडेल


लॉरेल फोर्क
२ ऑगस्ट १९६४

वेंडेल बाळा,

गाणं पोचलं. पोचलं म्हणजे, गावात दुसरं काही ऐकूच येत नाही. पोस्टात तेच, किराणा दुकानात तेच. पाद्रीसाहेब प्रवचनाआधी गुणगुणताना सापडले. तुझी आई अनोळखी माणसांनाही ‘माझ्या मुलाचं आहे’ सांगते, आणि तू कॉलेज सोडावंस हे तिनंच ठरवलं होतं असंही सांगते.

आता बसून वाच.

सगळ्या गावाचं ठरलंय, की ते गाणं आर्डिथचं आहे. झेल्माची चुलतबहीण आर्डिथ, चर्चमध्ये पियानो वाजवते ती. पिठानं गोरे हात कुणाचे? आर्डिथचे. थरांचा केक कुणाचा नावाजलेला? आर्डिथचा. आणि तू सतरा वर्षांचा असताना लिलावात डबा कुणाचा घेतला होतास? आर्डिथचा! त्याची रिबीन हिरवी होती हे फक्त मला आठवतं, कारण रिबिनी मी विकते. मी सांगून पाहिलं, तर म्हणतात, ‘ओर्फा, आता रेडिओपेक्षा तुला जास्त कळतं का?’ आर्डिथच्या आईनं दारावर पाटी लावली आहे, ‘गाण्यातला केक इथे मिळतो.’ आर्डिथ बिचारी आधी नाही म्हणत होती. मग ‘माहीत नाही’ म्हणायला लागली. परवा रॉस्को व्हेनच्या तालावर मान हलवत पियानो वाजवत होती.

झेल्माचं विचारशील. पहिल्यांदा गाणं लागलं तेव्हा ती ट्रकखाली होती. ‘पिठानं गोरे हात’पर्यंत ऐकलं, बाहेर आली आणि रेडिओला पाना फेकून मारला. नेम चांगला आहे तिचा. गॅरेजमध्ये आता रेडिओ नाही.

बर्लनं अंगठी मागवली आहे. ऑक्टोबरच्या लिलावात झेल्माचा डबा घेऊन सगळ्यांसमोर विचारणार, असं तो स्वतःच सांगत फिरतो. झेल्माचा बाप खूश. झेल्मा काय म्हणते? नुसती पाने घासत बसते.

मावशी


नॅशव्हिल
९ ऑगस्ट १९६४

मावशी,

आर्डिथ! आर्डिथ??

मी तो डबा घेतला कारण मला भूक लागली होती आणि तो सगळ्यात मोठा होता! सांग सगळ्यांना. पाटी लाव. नाही, नको लावू, आर्डिथला वाईट वाटेल. ती चांगली मुलगी आहे. पण अरे देवा!

आणि हे तर काहीच नाही. काल काय झालं ते ऐक. इथं शनिवारी दुपारी रेडिओवर एक कार्यक्रम असतो, गाण्यामागची गोष्ट. गायकाला बोलावतात आणि विचारतात, हे गाणं सुचलं कसं. काल रॉस्को व्हेनला बोलावलं. मी आणि गेन्स साहेब काचेबाहेर उभे. निवेदकानं विचारलं, आणि त्या माणसानं खिशातून रुमाल काढला, मावशी! म्हणाला, ‘माझी स्वर्गवासी आई. तिचे ते पिठानं भरलेले हात. ती असाच डबा भरायची, निळ्या रिबिनीचा.’ निवेदकानंही रुमाल काढला. मी म्हटलं, ‘चोर!’ आणि काचेवर बुक्की मारली. गेन्स साहेबांनी मला मागून कवळलं. त्यांचं पोट आहे, सुटता येत नाही.

तेवढ्यात फोन आला. अलाबामातून. बाई म्हणाल्या, ‘मी रॉस्कोची आई बोलतेय. एक, मी मेलेली नाही. दोन, मी जन्मात केक केलेला नाही, ते काम त्याच्या बापाचं होतं. तीन, रॉस्को, फोन कर.’ सगळं रेडिओवर गेलं. लोक हसून लोळले असतील. गेन्स साहेब म्हणाले, ‘झकास! आता आणखी खपेल.’

मी पण हसलो. मग खानावळीत येऊन पायरीवर बसलो आणि हसू गेलं. हॉइट शेजारी वाटाणे सोलत होता. मी म्हटलं, ‘काका, सगळे खोटारडे आहेत. त्याची आई खोटी, तुमची प्रेयसी कुत्री, माझे गोरे हात खोटे.’ हॉइट म्हणाला, ‘माझ्या गाण्यात कुत्री नसेल, पण रडणं खरं आहे. तुझ्या गाण्यात खरं काय आहे?’

मावशी, मी विचार करत बसलो. हात साहेबांनी बदलले. नाव साहेबांनी काढलं. उरला केक. तो माझा. त्याला कुणी बोट लावलं नाही.

आणि तो केक खारट होता.

लिहिलं एकदाचं. खारट म्हणजे किती? डुकराच्या मांसाला लावून वर्षभर टिकवावं इतका. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते प्रेमाचं आहे असं दाखवलं. सगळा खाल्ला. शेवटचा तुकडासुद्धा. घरी जाताना ओढ्यावर गाईसारखा पालथा पडून पाणी प्यालो. पण मी तिला कसं सांगणार होतो? ती समोर बसली होती, हात घासून घासून लाल केलेले, तरी नखांत काळं राहिलेलं, आणि माझ्याकडे टक लावून विचारत होती, कसा झालाय. त्या हातांसाठी मी मिठाचा खडा पण मधासारखा चाटला असता. म्हणून म्हटलं गोड. पुन्हा विचारलं, पुन्हा गोड. एकदा गोड म्हटल्यावर खारट म्हणायला परत फिरायचं कसं? माझी दारं अशीच असतात, मावशी. आपटली की आतला माणूस आत आणि मी बाहेर.

मी तिला कधीच काही खरं सांगितलं नाही, हे मला आज कळलं. मला ती आवडते हेसुद्धा रॉस्को व्हेनकडून वदवलं, तेही दुसरीचे हात लावून.

बर्लला म्हणावं, अंगठी चांगली घे. ती वर्षभर पाने हाताळते, नाजूक असेल तर टिकणार नाही.

वेंडेल


लॉरेल फोर्क
१७ ऑगस्ट १९६४

वेंडेल,

तुझं पत्र शनिवारी आलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी होऊन नाही वाचलं, वाचायला लावलं गेलं. याहून जास्त मला विचारू नकोस आणि मीही सांगणार नाही.

अक्षर छान आहे. असंच ठेव.

मावशी


टॅकेट गॅरेज, लॉरेल फोर्क
५ सप्टेंबर १९६४

वेंडेल रॅटलिफ,

मला लिहायची सवय नाही, तेव्हा मुद्द्याचं लिहिते.

तुझी मावशी तुझी सगळी पत्रं मला मोठ्यानं वाचून दाखवते. मार्चपासून. मी केस धुवायला जाते, ती मला खुर्चीत मागं वाकवते, डोक्यावर साबण चोपडते आणि पत्र काढते. डोळ्यांत साबण असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. पहिल्यांदा मी ओरडले. ती म्हणाली, ‘हलू नकोस, कानात पाणी जाईल.’ पुढच्या शनिवारपासून मी ओरडले नाही. मार्चमध्ये केकबद्दल तिनं जे विचारलं ना, ते मी तिला विचारायला लावलं होतं. तू एप्रिलमध्ये पुन्हा ‘मधासारखाच’ लिहिलंस. त्या दिवशी मी साबण न धुताच निघाले होते.

आता केकचं. मीठ चुकून पडलं नव्हतं. मी घातलं. बाबांनी रिबिनीचा रंग बर्लला सांगून टाकला होता, आणि मला त्याचा पत्ता लागला होता. मी म्हटलं, घे म्हणावं डबा, मिळव म्हणावं लग्नाचा आनंद. तो पहिल्याच घासाला थुंकला असता आणि सगळं तिथंच मिटलं असतं. मला काय माहीत, तू आजोबांचं घड्याळ काढून मध्ये उडी मारशील!

तू घास घेतलास आणि तुझे डोळे भरले. मला हसू आवरेना. मी विचारलं, कसा झालाय. तू म्हणायला हवं होतंस, ‘झेल्मा, विष घातलंस का?’ मग मी सगळं सांगणार होते. बाकाखाली दुसरा केक होता, वेंडेल. साखरेचा. मला स्वतःला काहीतरी खायला नको का? तो तुझ्यापुढं ठेवायचा म्हणून मी वाट बघत होते. तीनदा विचारलं. तीनदा तू तोंडावर खोटं बोललास. मला वाटलं, हा माणूस उद्या माझं इंजिन बंद पडलं तरी ‘काय सुरेख चाललंय’ म्हणेल. अशा माणसाबरोबर गाडी कुठं जाणार?

साखरेचा केक मी आणि बाबांनी घरी नेऊन संपवला. चांगला झाला होता. तुला चिडवायला सांगतेय.

ऑगस्टचं पत्र मी दोनदा वाचून घेतलं. नखांतलं काळं तुला दिसलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

लिलाव ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. मी कुणालाही रंग सांगितलेला नाही. बाबांना नाही, तुझ्या मावशीला नाही, रिबीनसुद्धा या वेळी तिच्याकडून घेणार नाही. तुलाही सांगणार नाही. यायचं तर ये. केक कसा असेल तेही सांगत नाही. पण जसा असेल तसा सगळ्या हॉलसमोर सांगायचा. नाही जमलं, तर बर्लची अंगठी जाडजूड आहे, मी पाहून ठेवली आहे.

झेल्मा टॅकेट


लॉरेल फोर्क
१२ ऑक्टोबर १९६४

आदरणीय गेन्स साहेब,

मी आजच्या बसनं येणार होतो. आलो नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. कारण लिहितो.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तुमच्या गाण्यानं केलं हे. शेजारच्या जिल्ह्यातून पोरं आलेली, आणि जिथं तिथं निळी रिबीन! निम्म्या मुलींनी निळीच लावली होती. मी टेबलापुढं उभा, सगळे माझ्याकडे बघताहेत. आर्डिथच्या आईनं माझ्या बरगडीत कोपर मारलं, ‘जावईबापू, डावीकडून तिसरा.’ तिथं एक भलामोठा डबा होता, निळ्या रिबिनीला तीन गाठी मारलेल्या. तेवढ्यात बर्ल स्टँपरनं त्याच्यावर बोली लावली. जोरात लावली. मी बोली लावलीच नाही. तो माझ्याकडे संशयानं बघतोय, मी छताकडे. डबा त्याला मिळाला, चिठ्ठी निघाली, आर्डिथ! बर्लचं तोंड पडलं. पण साहेब, त्यानं केक तोंडात टाकला आणि तोंड परत वर आलं. शेवटी दोघं पियानोशी बसून तिसरा तुकडा खात होते. अंगठी त्याच्या खिशात होती. पुढचं मला माहीत नाही, पण आर्डिथची आई रविवारी पाटी उतरवताना दिसली.

माझं सांगतो. मी सगळे डबे पाहिले. एकेकाच्या जवळ जाऊन पाहिले. लिलाव पुकारणारा ओरडला, ‘वेंडेल, डबा घ्यायचाय की जनावर?’ आणि मग कोपऱ्यात एक डबा दिसला. वर रिबीन नव्हतीच. पांढरा कागद, बारीक दोऱ्यानं बांधलेला, आणि एका कडेला, दोरा आवळताना धरलं असेल तिथं, अंगठ्याचा काळा ठसा. ग्रीसचा.

त्या ठशावर दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. सगळ्यांना वाटलं डबा मळलाय. इतक्या स्वस्तात मला आयुष्यात काही मिळालेलं नाही.

ती समोर येऊन बसली. केस धुतलेले, हात मात्र तसेच. मुद्दाम तसेच. माझी मावशी तर खुर्चीवर उभी होती. झेल्मानं केकचा तुकडा पुढं केला आणि विचारलं, ‘कसा झालाय?’

मी चावला. साखर होती. खूप होती. सफरचंद मऊ शिजलेलं, दालचिनी बरोबर. माझ्या तोंडात ‘मध’ हा शब्द अगदी दातांपर्यंत आला होता, साहेब. पण मी आणखी चावला, आणि म्हटलं, ‘खालून करपलाय.’

कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मला वाटतं आई.

झेल्मा म्हणाली, ‘नक्की?’

‘नक्की. खालचा थर कोळसा आहे. वरचे तीन चांगले आहेत.’

ती हसायला लागली. तुम्ही तिला हसताना ऐकलेलं नाही. थंडीत न चालणारं इंजिन एकदम सुरू होतं ना, तसं. म्हणाली, ‘दोनदा केला. दोन्ही वेळा करपला. कमी करपलेला हा आणलाय.’ मग खालचा थर सोलून तिनं आपल्या ताटात घेतला आणि वरचे तीन मला दिले. मी म्हटलं, असं नाही, आणि कोळसा अर्धा अर्धा केला.

तेव्हा मी काही दिवस इथंच आहे. गिरणीचे ट्रक तिच्या बापाकडे यायचे बंद होतील असं वाटलं होतं, पण बर्ल आज सकाळीच एक घेऊन आला, आणि या वेळी तो खरंच बिघडलेला होता. मी दिवा धरतो. वाकडा धरतो, असं मला तासाला एकदा सांगण्यात येतं. गॅरेजसाठी नवा रेडिओ घेतलाय, तो पाना पोचणार नाही इतक्या उंचावर ठेवलाय.

आता कामाचं. गाण्याची पुढची आवृत्ती काढाल तेव्हा हात काळे करा. नाव तुमच्या सासूबाईंमुळं नको असेल तर राहू द्या, झेल्मा म्हणते तिला चालेल, तिला स्वतःलाही ते नाव विशेष आवडत नाही. पण केकमध्ये मीठ घाला. ते तुम्ही काढलेलं नव्हतं, मीच घातलं नव्हतं. लोक गाणार नाहीत असं तुम्ही म्हणाल. साहेब, गावोगाव किती पोरांनी खारट केक हसून गिळला असेल? मोजून बघा.

आपला
वेंडेल रॅटलिफ

ता. क. झेल्मा वाचत होती, ती म्हणते मलाही दोन ओळी लिहायच्या आहेत. तिचं अक्षर आणि बोटाचे डाग, दोन्ही तिचेच:

गेन्स साहेब, चाल छान आहे. दुसरं कडवं उगाच लांबलंय, ते कापा. मी त्याला सांगितलं. दार आपटून गेला, आणि लगेच परत आला. — झे. टॅ.